डोळे मोकळे राहतील असा रस्ता: अनोळखी ग्रामीण भागात सायकलफेरी कशी आखावी

चार-पाच दिवस कुठल्या तरी शांत ग्रामीण भागात मुक्काम आहे, सायकल सोबत नेणार आहात किंवा तिथेच भाड्याने घेणार आहात. अशा वेळी बहुतेक जण आधी बघण्याच्या जागा शोधतात, धबधबा, किल्ला, तलाव असं सगळं नकाशावर खुणा करून ठेवतात आणि त्या खुणा जोडून मार्ग तयार करतात. मोटारीने जाणाऱ्याला हे पुरतं. सायकलवर मात्र धबधब्यापाशी वीस मिनिटं जातात आणि रस्त्यावर चार तास. म्हणून सायकलफेरीत बघण्याची मुख्य जागा म्हणजे रस्ताच.

रस्त्याकडेचं सौंदर्य दिसायला डोळे मोकळे असावे लागतात. मागून ट्रक येतोय, पुढे खड्डे आहेत, छाती भात्यासारखी चालली आहे, अशा वेळी शेजारी कितीही देखणी दरी असली तरी नजर चाकापुढच्या दोन मीटरवरच राहते. मार्ग आखताना मी हीच एक कसोटी लावते: या रस्त्यावर मला मान वर करून बघता येईल का? रहदारी, डांबर, चढ, वारा, ऊन या सगळ्यांची तपासणी या एका प्रश्नासाठी करायची असते.

आधी तास ठरवा, किलोमीटर नंतर

नवखा माणूस "चाळीस किलोमीटर जाऊ" असं ठरवतो. त्याऐवजी "सकाळी सातला निघून बाराच्या आत परत" असं ठरवा. हातात पाच तास आले. त्यातला चौथा हिस्सा थांबण्यासाठी बाजूला काढून ठेवा: पूल दिसला, सावली दिसली, कुणी बोलायला थांबवलं. ही सवड आधीच धरली नाही, तर फेरीभर घड्याळ बघत राहाल. उरले पावणेचार तास, एवढेच पायडल मारायचे.

आता त्यात किती अंतर बसेल? स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली चालणाऱ्यांसाठी एक हिशोब दिला: सपाटीवर दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. यातला चढाईचा भाग मीटरमध्ये मांडला, तर दर १०० मीटर उंचीला साधारण १० मिनिटं होतात. घाई न करणाऱ्या नवख्या सायकलस्वारालाही हाच आकडा लागू पडतो, असा माझा अनुभव आहे. सपाटीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरा. ४५ किलोमीटरची फेरी आणि एकूण ३०० मीटर चढ असेल, तर तीन तास अधिक अर्धा तास, म्हणजे साडेतीन तास. आपल्या पावणेचार तासांत बसलं. तेवढ्याच अंतरात ९०० मीटर चढ असेल, तर साडेचार तास लागतील आणि ती फेरी पहिल्या दिवसासाठी नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर तुमचा स्वतःचा आकडा कळेल, मग माझा सोडून द्या.

नकाशावर रस्त्याची जात ओळखा

ग्रामीण भागात ढोबळमानाने तीन प्रकारचे रस्ते असतात: शहरांना जोडणारे मोठे रस्ते, मोठ्या गावांना जोडणारे मधले रस्ते, आणि लहान गावं, वाड्या, शेतं यांच्यामधून जाणारे बारके रस्ते. आपल्याला हवे आहेत तिसऱ्या प्रकारचे. ते वळणं घेत जातात, कारण ते ओढ्याच्या, बांधाच्या, टेकडीच्या कडेने तयार झालेले असतात. वळणांमुळे गाड्यांचा वेग आपोआप कमी राहतो आणि दर वळणाला नवं दृश्य समोर येतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी तयार केलेला नकाशा या कामी फार उपयोगी आहे, कारण सायकलचे बहुतेक नियोजन-ॲप त्याच्याच माहितीवर चालतात. त्यात ज्या रस्त्याची नोंद 'अनक्लासिफाइड' अशी असते तो दर्जाहीन रस्ता नसतो. ब्रिटनमधल्या जुन्या वर्गवारीतून आलेला तो शब्द आहे आणि त्याचा अर्थ गावांना जोडणारा लहान सार्वजनिक रस्ता. आपल्या कामाचे उत्तम रस्ते बऱ्याचदा याच नावाखाली सापडतात. 'ट्रॅक' अशी नोंद असेल, तर मात्र ती शेतात किंवा जंगलात जाणारी गाडीवाट समजा.

मार्ग आखताना ॲपला फक्त सुरुवात आणि शेवट सांगून मोकळे होऊ नका. तो बहुधा जवळचा किंवा सरळ रस्ता देतो. हव्या त्या लहान रस्त्यावर मधले बिंदू टाकून मार्ग तिकडे ओढून घ्या. मोठ्या रस्त्याचा एखादा तुकडा टाळता येत नसेल तर चालेल, पण तो किती लांब आहे ते मोजा. दोन किलोमीटर सोसता येतात. दहा किलोमीटर असतील तर मी फेरीच बदलते.

सायकलस्वारांच्या नोंदींवरून तयार होणारे उष्णतानकाशे, म्हणजे स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपचा हीटमॅप वगैरे, जरूर बघा. ठळक रेघ म्हणजे तिथून बरेच लोक सायकलने जातात, एवढी खात्री मिळते. पण त्यात वेगाचा सराव करणारे पुष्कळ असतात आणि त्यांना लांब, सरळ, रुंद रस्ता आवडतो. आपल्याला लागणारा रस्ता अनेकदा तिथे फिकट रेघेचा असतो. रेघ अजिबातच नसेल, तर मात्र कारण शोधा.

आणखी एक गोष्ट उपग्रहचित्रातच दिसते, ती म्हणजे दगडखाण. डोंगराला पांढरट-करडा खरवडलेला डाग दिसला आणि तिथून रस्ता निघत असला, तर त्या रस्त्यावर कामाच्या दिवशी डंपर असणार आणि वळणांवर सांडलेली खडी असणार. तो रस्ता सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. उलट, प्रसिद्ध धबधब्याकडे जाणारा रस्ता सुट्टीच्या दिवशी टाळा आणि मधल्या वारी सकाळी लवकर जा.

डांबर आहे की नाही

या बाबतीत नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते. नकाशावर रेघ सारखीच दिसते, प्रत्यक्षात मध्येच डांबर संपतं. ओपनस्ट्रीटमॅपवर पृष्ठभागाची नोंद वेगळी करता येते, पण ग्रामीण भागात कित्येक रस्त्यांना ती केलेलीच नसते. नोंद नाही याचा अर्थ पक्का रस्ता असा होत नाही, फक्त कुणी लिहिलेलं नाही इतकंच. ॲप मात्र रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज चुकू शकतो.

म्हणून मार्ग तयार झाल्यावर उपग्रहचित्र चालू करा आणि रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा. डांबर एकसारखं करडं, काठ स्पष्ट. कच्चा रस्ता तपकिरी किंवा पांढुरका, काठ विरलेले, कधी मधोमध गवताची पट्टी. झाडीखाली रस्ता दिसत नसेल, तर झाडीत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर त्याचा रंग तोच आहे का ते बघा. ओढा कुठे ओलांडतो तिथे थांबून नीट पाहा: पूल आहे, की पाण्यातूनच वाट आहे? रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रं उपलब्ध असतील तर फार बरं, पण ती कोणत्या वर्षीची आहेत तेही वाचा.

एका प्रवासात मी हे बोट फिरवण्याचं काम अर्ध्यावर सोडलं होतं. दोन गावांमधली रेघ अखंड दिसत होती. प्रत्यक्षात शेवटचे पाच किलोमीटर नांगरलेल्या शेतांच्या कडेने सायकल ढकलत चालावं लागलं, पायात चिखल, आणि सूर्य मावळतीला. त्या दिवसापासून मार्गाचा एकही मीटर न पाहता मी निघत नाही. पन्नास किलोमीटरचा मार्ग असा तपासायला अर्धा तास पुरतो.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असतील, तर थोडा खडबडीत तुकडा सहज निभावतो. त्याहून अरुंद असतील तर पक्क्या डांबराचा आग्रह धरा.

चढाचा आलेख वाचायला शिका

चढ म्हणजे किती टक्के, हे आधी अंगात मुरवून घ्या. १०० मीटर पुढे जाताना ४ मीटर वर गेलात, तर ४ टक्के. दोन-तीन टक्के डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, पायांना कळतात. पाच-सहा टक्क्यांवर गप्पा चालू ठेवता येतात, पण वाक्यं लहान होतात. आठच्या पुढे गप्पा थांबतात. दहा-बारा टक्के लांबवर टिकले, तर नवखा उतरून चालतो, आणि चालावं, त्यात काही बिघडत नाही. समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा असेल तर हिशोब सोपा आहे: रेषा १० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतील आणि रस्ता दर १०० मीटरला एक रेषा ओलांडत असेल, तर तो १० टक्के चढ.

सरासरीवर विसंबू नका. फ्रान्समधला माँ व्हाँतू हा डोंगर सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. बेदुआँ गावाकडून त्याचा चढ साधारण २१ किलोमीटरचा आणि सुमारे १,६०० मीटरचा, सरासरी साडेसात टक्के. पण पहिले पाचेक किलोमीटर सौम्य जातात आणि मग जंगलात शिरल्यावर पुढचे नऊ-दहा किलोमीटर चढ नऊ टक्क्यांच्या आसपास राहतो. साडेसात टक्क्यांची तयारी करून गेलेल्याला तो जंगलातला पट्टा भारी पडतो. तुमच्या मुक्कामाजवळची टेकडी लहान असेल, पण आलेख बघण्याची रीत तीच: सर्वांत उभा एक किलोमीटर कुठे आहे, आणि तो फेरीच्या सुरुवातीला येतो की शेवटी?

शेवटी येत असेल तर मार्ग उलटा करून बघा. पाय ताजे असताना चढ संपवावा आणि परतीला उतार किंवा सपाटी ठेवावी. दरीच्या तळाशी मुक्काम असेल तर हे आपोआप जमतं. डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल, तर दिवसाची अखेर चढानेच होणार. अशा वेळी फेरी एक तृतीयांशाने लहान करा.

आलेखातले आकडे कुठून येतात हे माहीत असेल, तर त्यातल्या चुका ओळखता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली आणि आजही अनेक ॲप त्या माहितीचा आधार घेतात. तिची जाळी, म्हणजे उंची नोंदलेल्या दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर, साधारण ३० मीटरची किंवा ९० मीटरची आहे. रस्ता मात्र पाच मीटर रुंद. अरुंद दरीत किंवा कड्यालगत रस्ता असला, की जाळीचा बिंदू रस्त्यावर न पडता वरच्या उतारावर पडतो आणि आलेखात नसलेले सुळके उगवतात. बोगद्याच्या जागी तर डोंगराचा माथाच दिसतो आणि पुलाच्या जागी नदीचं पात्र. सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर अचानक २५ टक्क्यांचा सुळका दिसला, तर घाबरण्याआधी तिथे बोगदा, पूल किंवा कडा आहे का ते बघा. बोगदा असेल, तर त्यात सायकलला परवानगी आहे का हे वेगळं तपासावं लागेल, आणि दिवे लागतीलच. याच कारणाने एकाच मार्गाची एकूण चढाई दोन ॲपमध्ये वेगवेगळी दिसते. दोन्हींतला मोठा आकडा धरून वेळ काढा.

फेरीचा आकार आणि दिशा

गोल फेरी सर्वांना आवडते, कारण तोच रस्ता दुसऱ्यांदा लागत नाही. तरी पहिल्या दिवसासाठी मी गोल फेरी सुचवत नाही. वीस किलोमीटरच्या घेरात बारा किलोमीटर गेल्यावर दमलात, तर मागे वळूनही उपयोग नसतो. एका रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत या. हवं तेव्हा वळता येतं, आणि परतीला तोच रस्ता अगदी वेगळा दिसतो. दुसऱ्या दिवसापासून फुलाच्या पाकळ्यांसारख्या फेऱ्या आखा: मुक्कामाच्या गावापासून निघणारी पंधरा-वीस किलोमीटरची एक पाकळी, परत गावात, मग जमल्यास दुसरी. पाऊस आला, सायकल बिघडली, कंटाळा आला, तर दुसरी पाकळी सोडून देता येते.

गोल फेरी कोणत्या बाजूने फिरायची, याचा विचार फार कमी लोक करतात, आणि त्यानेच खूप फरक पडतो. जिथे वाहनं डावीकडून चालतात, तिथे तलाव किंवा समुद्र आपल्या डाव्या हाताला राहील असं जा. म्हणजे पाणी आणि तुम्ही यांच्यामध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग येत नाही, आणि मुख्य वळणं डावीकडे येत असल्याने रहदारी छेदावी लागत नाही. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. इथे तलाव डाव्या हाताला, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. जपानमध्ये वाहनं डावीकडून चालतात आणि तिथल्या बिवा या सर्वांत मोठ्या सरोवराभोवतीची सुमारे २०० किलोमीटरची प्रसिद्ध सायकलफेरी याच कारणाने घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सुचवली जाते. जिथे वाहनं उजवीकडून चालतात, तिथे सगळं उलट करा.

मग वारा. हवामानाच्या अंदाजात 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. जाताना वारा समोरून घ्या, येताना पाठीवर. उलट केलंत तर जाताना वाटेल आज आपले पाय फारच चांगले चालताहेत, आणि परतताना खरा प्रकार कळेल. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० च्या वेगाने जाताना समोरून ताशी २० चा वारा असेल, तर अंगावर ४० ची हवा येते आणि अडथळा चौपट होतो. समुद्रकिनाऱ्याजवळ सकाळ शांत असते आणि स्वच्छ दिवशी दुपारकडे समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो. डोंगराळ भागात दिवसा ऊन तापलं, की वारा दरीतून वर वाहतो आणि रात्री खाली उतरतो. त्यामुळे दुपारी दरीतून उतरताना, उतार असूनही, पायडल मारावं लागतं. सकाळी लवकर निघण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

सूर्याचंही असंच. सकाळी पूर्वेकडे जात असाल, तर ऊन तुमच्या डोळ्यांवर येतं आणि मागून येणाऱ्या चालकाच्याही. त्याला तुम्ही दिसत नाही, ही खरी धोक्याची बाब. सकाळची पहिली वाट शक्यतो पश्चिमेकडे धरा: ऊन पाठीवर आणि समोरचा डोंगर उजळलेला. मात्र तेव्हा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं, म्हणून आपली बाजू सोडू नका. संध्याकाळी याच्या उलट.

पाणी आणि परतीच्या पळवाटा

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, उन्हात त्याहून जास्त. मार्गावर पाणी खात्रीने मिळेल अशा जागा खुणा करून ठेवा आणि त्यातली एखादी बंद असेल असं समजूनच पाणी भरा. दोन तासांहून लांब फेरीत दर पाऊण तासाला थोडं खा. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

प्रत्येक फेरीत निदान दोन पळवाटा आखून ठेवा: मधूनच मुक्कामी नेणारा लहान रस्ता, बसचा थांबा किंवा रेल्वे स्थानक. बस किंवा रेल्वेत सायकल घेतात का, हे आधी विचारा. आणि एक वेळ ठरवा. त्या वेळेपर्यंत अमुक पुलापाशी पोहोचलो नाही, तर तिथूनच परत.

फोनवर काय भरून न्यायचं

मार्गाची जीपीएक्स फाइल (आखलेली रेघ साठवणारी, बहुतेक ॲपमध्ये उघडणारी फाइल) फोनमध्ये उतरवून घ्या आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन साठवा. दरीत नेटवर्क जातं. नेटवर्क शोधत राहिलेला फोन बॅटरीही लवकर संपवतो, म्हणून अशा भागात तो विमान मोडवर ठेवा. जीपीएस तरीही चालतं. फोन बंद पडला तर म्हणून एका कागदावर गावांची नावं क्रमाने आणि वळणं लिहून खिशात ठेवा. रस्त्यात कुणाला वाट विचारायची, तर गावाचं नावच उपयोगी पडतं. युरोपीय संघातल्या देशांत आणि भारतात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. इतरत्र जात असाल तर तिथला क्रमांक त्याच कागदावर वर लिहा. मुक्कामाच्या जागी कुणाला तरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघा.

काही भागांत हे नियोजनाचं कष्टाचं काम आधीच झालेलं असतं. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याच्या कल्पनेतून क्रमांकित चौकांचं सायकलजाळं तयार झालं. प्रत्येक चौकाला आकडा, आणि पुढचा आकडा दाखवणारी पाटी. पाच-सहा आकडे कागदावर लिहिले की मार्ग तयार. आता ही पद्धत नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांतही आहे. जिथे जाणार तिथे असं काही आहे का, ते पहिल्यांदा शोधा.

भाड्याची सायकल घेताना

निघायच्या आदल्या संध्याकाळीच सायकल ताब्यात घ्या आणि गावातच दोन किलोमीटर चालवून बघा. ब्रेकची कोणती मूठ पुढच्या चाकाची, हे देशागणिक बदलतं. डावीकडून वाहनं चालणाऱ्या देशांत बहुधा उजवी मूठ पुढच्या ब्रेकची असते, इतर अनेक ठिकाणी डावी. उतारावर हे कळून उपयोग नाही. चढ असेल, तर सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे का ते बघा: पुढच्या लहान चक्राचे आणि मागच्या मोठ्या चक्राचे दाते जवळजवळ सारखे असले, तर दहा टक्क्यांचा चढही बसून जमेल. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप मागून घ्या. पंपाचं तोंड त्याच व्हॉल्व्हला बसतं का, हे लावून बघा.

आणि तिथल्याच कुणाला तरी तुमचा मार्ग दाखवा. "हा रस्ता कसा आहे?" असं विचारलं, तर "चांगला आहे" एवढंच उत्तर मिळतं, कारण सांगणारा बहुधा मोटारीतून जाणारा असतो. त्याऐवजी नेमकं विचारा: सकाळी इथून ट्रक जातात का? पुलाचं काम चालू आहे का? शेवटच्या पावसात रस्ता कुठे वाहून गेला? मोकळी कुत्री कुठे असतात? कुत्रा अंगावर आलाच तर पळ काढू नका. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा आणि हळूहळू चालत पुढे जा. बहुतेक वेळा तो आपल्या हद्दीपर्यंत सोबत करून परत फिरतो.

परत आल्यावर

आंघोळीच्या आधी पाच मिनिटं काढा. नकाशा उघडून जिथे डांबर खराब होतं तिथे एक खूण, जिथे पाणी मिळालं तिथे दुसरी, आणि जिथे मान वर करून बघत राहावंसं वाटलं तिथे तिसरी. ठरवलेला वेळ आणि लागलेला वेळ शेजारी लिहा, म्हणजे चढाच्या हिशोबातला तुमचा आकडा मिळेल. तिसऱ्या प्रकारच्या खुणा एका बाजूला जास्त दिसल्या, तर उद्याची पाकळी तिकडे वळवा. ती ठिकाणं उलट्या दिशेने, दुसऱ्या वेळच्या उजेडात येतील अशी आखा.